खोकल्याला ईदची वाट पाहायला लावू नका

रमजानच्या संध्याकाळी आपल्या शहरातला कोणताही मोहल्ला घ्या. रोशन गेट घ्या, किराडपुरा घ्या, शहागंज नाहीतर बुढी लेन घ्या, चित्र सारखेच दिसते. मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, थोडी फळे आणि दोन-चार भजी पोटात जातात, जमातीने नमाज होते. सलाम फेरून पाच मिनिटे होतात न होतात तोच मशिदीपासून थोड्या अंतरावरच्या टपरीजवळ माणसे जमू लागतात. पहाटेपासून जवळजवळ १३ तास तोंडाला न लावलेली पहिली बिडी किंवा सिगारेट पेटते. दुसऱ्या झुरक्यालाच कुणाला तरी खोकल्याची अशी उबळ येते की तो भिंतीला हात टेकतो. सोबतचे लोक पाठ चोळतात, एक जण पाणी पुढे करतो आणि म्हणतो, "रोजे का असर है भाई, गला सूख गया."

हे वाक्य आपुलकीने म्हटलेले असते. पण मोहल्ल्यामोहल्ल्यांत दरवर्षी म्हटले जाणारे हे वाक्य काही जणांना फार महागात पडते. धूम्रपान करणाऱ्या माणसाचा जुना खोकला, वाढलेली धाप, उतरलेले वजन या साऱ्यांची चौकशी एरवी कधीतरी घरात होते. रमजानमध्ये ती होत नाही, कारण उत्तर तयारच असते. आणि चौकशी झालीच तर दुसरे वाक्य येते, "अब ईद के बाद देखेंगे." ही दोन वाक्ये मिळून एक महिना जातो. फुफ्फुसाच्या काही आजारांत एक महिना लहान नसतो.

प्रत्येक लक्षणाला एक सबब

डॉक्टर धूम्रपान करणाऱ्या माणसाला ज्या खुणा सांभाळायला सांगतात, त्या एकेक घेऊन पाहू. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला ही पहिली. रमजानमध्ये आपण म्हणतो, इफ्तारचे थंड सरबत बाधले, तळलेले बाधले. यंदाच्या दिवसांत हवा बदलते, तेही कारण जोडता येते. वजन कमी होणे आणि भूक मरणे ही दुसरी. रोजात वजन थोडे उतरतेच, मग विचारायचे कुणाला? आवाज बसणे आणि तीन आठवडे तसाच राहणे ही तिसरी. तिलावत आणि तरावीहमुळे घसा बसला, असे घरचे समजतात. थकवा आला तर सहेरीची अपुरी झोप असते. संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम हा दिवसभराच्या उपाशीपणाच्या खात्यावर जातो. छाती भरून येते ती पित्ताने, आणि बेडख्यात दिसलेली लाल रेघ कोरड्या घशातून आली असे माणूस स्वतःच स्वतःला सांगतो.

यातली एखादी सबब खरीही असू शकते. तळकट खाऊन घसा धरतो, झोप कमी झाली तर थकवा येतो. पण सबब खरी असेल तर त्रास चार-आठ दिवसांत उतरायला हवा. तो उतरत नसेल, किंवा दोन-तीन खुणा एकत्र दिसत असतील, तर कारण रोजाच्या बाहेर शोधायला हवे. बेडख्यातून रक्त येण्यासाठी तर चार दिवसही थांबायचे नसते. एकदा आले, थोडेच आले, तरी डॉक्टरांना दाखवायचे.

जुन्या बिडीबाजांची आणखी एक अडचण असते. त्यांना खोकला असतोच. सकाळी उठल्यावर दहा मिनिटे खाकरणे हा त्यांच्या वजूसारखाच रोजचा भाग झालेला असतो. त्यामुळे "मेरी तो पुरानी खांसी है" हे त्यांचे म्हणणे खोटे नसते. अशांनी खोकला आहे की नाही हे विचारू नये, खोकला बदलला का हे विचारावे. पूर्वी सकाळीच यायचा, आता रात्री झोपेतून उठवतो का? बेडख्याचा रंग, दाटपणा, प्रमाण बदलले का? खोकताना छातीत एकाच जागी दुखते का? जुन्या खोकल्याचा स्वभाव बदलणे ही नवी तक्रार समजावी.

आमच्या मोहल्ल्यातले चचा

आमच्या मोहल्ल्यात एक चचा होते, रिक्षा चालवायचे. वयाने साठीच्या आसपास, दिवसाला बिडीचा एक बंडल ठरलेला. काही वर्षांपूर्वीच्या एका रमजानमध्ये पहिल्या आठवड्यापासून त्यांचा खोकला वाढला. चचींनी जोशांदा दिला, मुलाने औषधाच्या दुकानातून सिरप आणले. पंधराव्या रोजाच्या सुमारास सहेरीला चूळ भरताना त्यांना रुमालावर रक्त दिसले. त्यांनी तो रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि कुणाला सांगितले नाही. पुढे त्यांनीच एकदा मला कारण सांगितले होते: "प्रोफेसर साब, कॅन्सर निकला तो बच्चों की ईद खराब हो जाती."

ईद झाली, शीरखुर्मा झाला, पाहुणे येऊन गेले. मग तपासणी झाली. कॅन्सर नव्हता, क्षयरोग निघाला. सहा महिने औषध घेऊन ते बरे झाले. पण त्या महिन्याभरात त्यांच्या खोलीत, त्यांच्या शेजारी, पाच वर्षांची नात झोपत होती. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा त्या मुलीलाही काही महिने प्रतिबंधक औषध घ्यावे लागले. मुलांची ईद वाचवण्यासाठी चचा गप्प राहिले होते, आणि त्या गप्प राहण्याचा पहिला ताप मुलांनाच झाला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की भीती आपल्याला नेहमी एकाच आजाराचे नाव सांगते. खोकल्यात रक्त म्हणजे कॅन्सर, आणि कॅन्सर म्हणजे शेवट, असे समीकरण मनात बसलेले असते. प्रत्यक्षात अशा रक्तामागे क्षयरोग असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो, श्वासनलिकेची जुनी सूज असू शकते. यातले बरेच आजार औषधाने बरे होतात. आणि कर्करोग असलाच तर तो लवकर सापडण्यात माणसाचा फायदा असतो, उशिरा सापडण्यात कुणाचाच नसतो.

क्षयरोग आणि धूम्रपान यांचे नाते आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तमिळनाडूतील मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे त्यात दिसले. धुराने श्वासनलिकेतील बारीक केसांसारखे तंतू मरगळतात, जंतू बाहेर ढकलण्याची फुफ्फुसाची ताकद कमी होते, आणि शरीरात निपचित पडलेला क्षय डोके वर काढतो.

तरावीहने दाखवलेली धाप

धाप ही खूण सर्वांत फसवी. ती हळूहळू येते आणि माणूस तिच्याप्रमाणे आपले जगणे लहान करत जातो. जिना चढायचे टाळतो, बाजाराला मुलाला पाठवतो, पायी जायच्या ठिकाणी गाडी काढतो. धाप लागतच नाही, कारण धाप लागेल असे काही तो करतच नाही. म्हणून "मला दम लागत नाही" या उत्तरावर डॉक्टर समाधानी होत नाहीत. ते विचारतात, सपाट रस्त्यावर तुमच्याच वयाच्या माणसाबरोबर चालताना मागे पडता का? शंभर मीटर चालून थांबावे लागते का?

रमजानमध्ये हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सोय आपोआप होते. २० रकात तरावीह म्हणजे उभे राहणे, वाकणे, सजद्यात जाणे, पुन्हा उठणे, आणि तेही रोज रात्री. गेल्या वर्षी पूर्ण तरावीह उभ्याने पढणारा माणूस यंदा आठ रकातींनंतर खुर्ची ओढत असेल, सजद्यातून उठताना तोंड उघडून श्वास घेत असेल, मशिदीच्या पायऱ्यांवर दोनदा थांबत असेल, तर ती नोंद महत्त्वाची आहे. बसून नमाज पढण्याची सवलत आहे आणि ती जरूर घ्यावी. मात्र ती सवलत यंदाच का लागली, हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत न्यावा. धाप फुफ्फुसामुळे असते तशी हृदयामुळे आणि रक्त कमी असल्यामुळेही असते, आणि तो फरक घरी बसून कळत नाही.

प्रसिद्ध माणसांची उदाहरणे आपल्याला लवकर पटतात, म्हणून दोन सांगतो. ८ ऑगस्ट २०२० रोजी अभिनेते संजय दत्त यांना श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्याने मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल केले गेले. कोविडचा काळ होता, साऱ्यांना आधी तीच शंका आली. कोविड चाचणी निगेटिव्ह आली, पण शोध तिथे थांबला नाही, आणि फुफ्फुसाचा कर्करोग सापडला. उपचार झाले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपण त्यातून बाहेर आल्याचे सांगितले. त्यांच्या आजाराचे कारण ठरवणे आपले काम नाही. आपण घ्यायचे ते एवढेच की, एक शंका खोटी ठरली म्हणून धाप खोटी ठरत नाही.

दुसरे उदाहरण शाहरुख खान यांचे. एके काळी दिवसाला सुमारे शंभर सिगारेटी ओढत असल्याचे त्यांनीच सांगितले होते. २ नोव्हेंबर २०२४ रोजी वाढदिवशी मुंबईत चाहत्यांसमोर त्यांनी धूम्रपान सोडल्याचे जाहीर केले. सोडल्यावर दम लागणार नाही असे वाटले होते, पण अजून लागतो, असेही ते प्रामाणिकपणे म्हणाले. हे ऐकून टपरीवर कुणी म्हणेल, मग सोडून काय उपयोग? उपयोग आहे. धुराने गेलेली ताकद सगळी परत येत नाही, पण गळती मंदावते. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये मांडलेला निष्कर्ष आजही छातीच्या डॉक्टरांच्या शिक्षणात असतो: सोडणाऱ्याच्या फुफ्फुसाची झीज पुढे न ओढणाऱ्या माणसाच्या वेगाच्या जवळ येते. सोडल्यावरही धाप उरत असेल तर तपासणीची गरज संपत नाही, उलट वाढते.

बिडी हलकी नसते

आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे. सिगारेट वाईट, बिडी देशी, पानाची, त्यामुळे हलकी. तेंदूच्या पानात गुंडाळलेली तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरे. पण बिडी विझू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते, तिच्या पानातून हवा कमी खेळते, आणि टार व निकोटीन भरपूर मिळते. भारतातील मृत्यूंचा प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी होते, असे त्यात आढळले. बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी. दिवसाला सातपेक्षा जास्त नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

तरुणांचा हुक्का हा याच समजाचा नवा अवतार. पाण्यातून धूर येतो म्हणून तो गाळला जातो, असे ते मानतात. पाणी धूर थंड करते, म्हणून तो आणखी खोल ओढता येतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली ती उगाच नव्हे.

तंबाखूबद्दल हकिमांचा इशारा तर आपल्या शहराइतकाच जुना आहे. मोगल दरबारातला असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि सजवलेली नळी घेऊन अकबराकडे गेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले तेव्हा त्याच्या हकिमाने विरोध केला. या वस्तूची आपल्या वैद्यकात कसोटी झालेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. मलिक अंबरने खडकी वसवली ती १६१० मध्ये. म्हणजे हे शहर आणि दख्खनेतून उत्तरेत गेलेली तंबाखू जवळपास एकाच वयाचे. बादशहाचा हुकूम चालला नाही, हकिमाची शंका मात्र खरी निघाली.

डॉक्टरांकडे नेमके काय होते

अनेक जण जात नाहीत कारण तिथे काय होईल हे त्यांना ठाऊक नसते. पहिली भेट साधी असते. डॉक्टर छाती ऐकतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात, छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. खोकला दोन आठवड्यांचा असेल तर बेडख्याची तपासणी होते. सरकारी केंद्रांत क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत दरमहा मिळणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे.

तिसरी तपासणी स्पायरोमेट्री. एका नळीत जोराने फुंकायचे, जमेल तितका वेळ. छातीत साठवलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली हे यंत्र मोजते. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर 'सीओपीडी' या श्वासनलिकेच्या चिवट विकाराची शक्यता धरली जाते. हा आजार एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसत नाही, म्हणून "एक्स-रे साफ है" यावर समाधान मानून त्याच पायरीवर बिडी पेटवू नये. लहान गाठही साध्या एक्स-रेत सुटू शकते. लक्षणे टिकून असतील तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात, गरज पडल्यास दुर्बिणीने तपासतात किंवा तुकडा काढून पाहतात.

एक सावधगिरी खास आपल्या देशासाठी. क्षयरोग इतका पसरलेला आहे की एक्स-रेवरचा प्रत्येक डाग क्षयाचा समजला जाण्याची भीती असते, आणि कर्करोगाचा रुग्ण काही महिने क्षयाची औषधे खात राहतो. बेडख्यात जंतू सापडले का, हे रुग्णाने आणि घरच्यांनी जरूर विचारावे. औषध सुरू करून दोन महिन्यांत खोकला, वजन, ताप यांत सुधारणा नसेल तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरावा. तसे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आपले शहर या बाबतीत नशीबवान आहे. १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय, ज्याला आपण सारे 'घाटी' म्हणतो, पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जिथे मराठवाड्याच्या दूरदूरच्या गावांतून लोक येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. गावाकडचा माणूस एसटीने दीडशे किलोमीटर येतो, आणि आपण रिक्षाने दहा मिनिटांवर असून ईदची वाट पाहतो.

डॉक्टरांपुढे खरे सांगणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. आपल्याकडे मोठ्यांसमोर बिडी न ओढण्याचा अदब असतो, आणि तोच अदब दवाखान्यात आड येतो. सोबत मुलगा, सून, कधी वडील असतात. डॉक्टर विचारतात, किती ओढता? उत्तर येते, "कभी-कभार." सोबत आलेल्यांनी दोन मिनिटे बाहेर थांबावे. दिवसाला किती, किती वर्षे, शेवटची कधी, एवढे तीन आकडे खरे सांगितले तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

रोजा आणि तपासणी

रोजात तपासणी करायची कशी, हा प्रश्न मनापासून विचारला जातो. छाती तपासणे, एक्स-रे, सीटी स्कॅन, बेडखा देणे, तपासणीपुरते रक्त देणे यांनी रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. म्हणजे पहिल्या भेटीसाठी ईदपर्यंत थांबण्याची मुळी गरजच नाही. इनहेलरबद्दल मात्र मतभेद आहेत. काही उलेमांच्या मते त्याने रोजा तुटतो, काहींच्या मते नाही. ज्यांना नियमित इनहेलर लागतो त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा सहेरी आणि इफ्तारला बसते का पाहावे. बऱ्याच औषधांच्या बाबतीत ती बसते. पण दिवसा दम कोंडला तर मसला विचारत बसू नये, इनहेलर घ्यावा. आजारी माणसाने रोजे इतर दिवशी पूर्ण करावेत ही सवलत कुरआनातच, सूरह बकरहमध्ये, रोजाच्या आदेशाला लागूनच आली आहे. सवलत देणाऱ्यानेच ती दिली असताना आपण ती नाकारण्यात कसली परहेजगारी? क्षयाचे औषध सुरू असेल तर रोजा ठेवायचा की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि काही खुणांपुढे सकाळच्या ओपीडीचीही वाट पाहायची नसते. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही इतका दम, ओठ किंवा नखे निळसर होणे, छातीत अचानक तीव्र कळ, खोकल्यातून चमचाभर किंवा जास्त रक्त, माणूस गोंधळल्यासारखा बोलणे. यातले काहीही दिसले तर १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरीही.

तेरा तासांची साक्ष

टपरीवरच्या भावांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. "छूटती नहीं" असे तुम्ही वर्षभर म्हणता. मग रोज १३ तास कशी सुटते? चौथ्या-पाचव्या रोजाला दुपारी चिडचिड होते, घरात लोक म्हणतात, "इनको रोजा लग रहा है." पुष्कळदा लागत असते ती निकोटीनची तलफ. शरीरातील निकोटीनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून असरपर्यंत मेंदू मागणी करू लागतो. पूर्ण सोडल्यास ही ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. तीन-चार आठवडे म्हणजे रमजानच झाला. अडचण एवढीच की इफ्तारनंतर ते सहेरीपर्यंत आपण दिवसाचा सारा हिशोब भरून काढतो, आणि मेंदूला रोज रात्री पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवतो.

म्हणून सुरुवात रात्रीपासून करावी. इफ्तारनंतरची पहिली बिडी तरावीहनंतरवर ढकलावी, आणि तरावीहनंतर टपरीच्या रस्त्याने न येता थेट घरी यावे. तलफ अनावर होत असेल तर निकोटीनचे च्युइंगम आणि गोळ्या मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोजा सुटल्यावर घ्याव्यात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. सोडल्यानंतर काही दिवस खोकला थोडा वाढतो, कारण फुफ्फुस आपली सफाई पुन्हा सुरू करते. पण दोन आठवड्यांचा नियम तेव्हाही लागू असतो.

वयाचा प्रश्न उरतो. "अब इस उमर में छोड़ के क्या" असे साठीतले लोक म्हणतात. ब्रिटनमधील डॉक्टरांवरच रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षे चालवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. तिशीत सोडणाऱ्यांना साधारण १० वर्षे, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनाही ३ वर्षे जास्त मिळाली. साठीच्या आजोबांना तीन वर्षे म्हणजे नातवंडांच्या आणखी तीन ईद.

घरच्यांनी आणि मशिदीने

हे सारे वाचणारा बहुधा धूम्रपान करणारा नसेल. त्याची पत्नी असेल, मुलगी असेल, कॉलेजात शिकणारा मुलगा असेल. त्यांना एक विनंती. अब्बूंना बिडीवरून बोलू नका, ते पन्नास वेळा बोलून झाले आहे. खोकल्यावरून बोला. किती दिवस झाले ते कॅलेंडरवर मांडा. रमजानचे टाइमटेबल तसेही प्रत्येक घराच्या भिंतीवर लावलेले असते. खोकला सुरू झाला त्या रोजापुढे पेन्सिलने खूण करा. चौदा खुणा झाल्या की वाद घालू नका, "चला, मी सोबत येतो" एवढेच म्हणा. पुष्कळ पुरुष दवाखान्याला घाबरत नाहीत, एकट्याने निकाल ऐकायला घाबरतात.

मशिदींच्या इमाम साहेबांना आणि विश्वस्तांनाही सांगावेसे वाटते. जुम्याच्या बयानात जकात, फित्रा यांचे मसले सांगितले जातात. त्यात एक मिनिट असेही जोडता येईल: ज्याला दोन आठवडे खोकला आहे त्याने याच आठवड्यात तपासून घ्यावे, तपासणीने रोजा तुटत नाही. मिंबरवरून आलेले हे एक वाक्य आमच्यासारख्यांच्या दहा लेखांपेक्षा जास्त घरांत पोहोचेल.

ओपीडी सकाळी असते. सहेरी आणि फज्रनंतर झोपून उठलात की रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने कागद घ्या, घरातल्या एकाला सोबत घ्या आणि निघा. जोहरपर्यंत परत याल. निकाल काहीही आला तरी पुढची वाट डॉक्टर दाखवतील. आणि बहुतेक वेळा ती वाट तुम्ही रात्र-रात्र जागून कल्पना केली होती तितकी अंधारी नसते. अल्लाह सर्वांना सेहत आणि आफियत देवो.